अंबरनाथचे शिवालय आणि एका तुळईवरचा लेख

जव्हार-मोखाड्याच्या भागात काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंती, असे सांगून लोक मोकळे होतात. कोणी पांडवांनी एका रात्रीत बांधले म्हणतात. श्रद्धेच्या ठिकाणी हे ठीक आहे, पण देवळाचा जन्म केव्हाचा हे दगडच सांगत असेल तर त्याचे ऐकावे. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवालय याचा उत्तम दाखला आहे. (पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली.)

अंबरनाथचे देऊळ वालधुनी नदीच्या काठी आहे. मुख पश्चिमेस. सभामंडपाला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन दिशांना द्वारमंडप असून आत चार कोरीव खांब छताचा भार घेतात. गाभाऱ्यात जाण्यासाठी पायऱ्या चढावयाच्या नसून उतरावयाच्या आहेत. शिवलिंग सभामंडपाच्या पातळीपासून बरेच खाली आहे. शिखराचा वरचा भाग आज नाही, त्यामुळे गाभाऱ्यात उभे राहून वर पाहिले तर आकाश दिसते. शिखराची घडण भूमिज पद्धतीची, म्हणजे उभ्या पट्ट्यांमधून लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या. बाहेरच्या भिंतीला जागोजाग कोन पाडले असल्याने ऊन फिरते तशी मूर्तींवरची सावली फिरते. हे सारे जवळपासच्या काळ्या पाषाणात, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून केलेले आहे.

उत्तरेकडील द्वारमंडपात आतल्या बाजूच्या तुळईवर एक संस्कृत लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि शक ७८२ ठरविला. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासून शक ९८२ असे वाचन केले व तेच मान्य झाले. झिजलेल्या दगडावरील एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षे मागेपुढे झाले! फेरफाराच्या नोंदीत एक आकडा चुकला तर काय होते हे आपल्याकडील खातेदारांना वेगळे सांगावयास नको.

शक ९८२ म्हणजे इसवी सन १०६०-६१. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. लेखात मुम्मुणी, म्हणजेच माम्वाणी राजाचे नाव असून छित्तराजदेवाचे हे भवन सिद्धीस गेल्याचे सांगितले आहे. थोरल्याच्या नावाचे देऊळ धाकट्याने पुरे केले. सोबत राजाच्या अमात्यादी अधिकाऱ्यांची नावे आहेत. दगड घडविणाऱ्या पाथरवटांची मात्र नाहीत.

ज्या हेमाद्रीच्या नावाने हेमाडपंती शब्द चालतो तो यादवांच्या पदरी तेराव्या शतकात होता, म्हणजे अंबरनाथ त्याच्याही दोनशे वर्षे आधीचे. जव्हारच्या मुकणे घराण्याचा शक ५ जून १३४३ पासून धरीत. त्याच्याही पावणेतीनशेहून अधिक वर्षे आधी हे देऊळ उभे होते.

१८६८ साली मुंबई सरकारने सर जे. जे. कलाशाळेकडून या देवळाची मापे, चित्रे आणि मूर्तींचे साचे करवून घेतले. पडझड थांबविण्याआधी आहे त्याची नोंद झाली, हे फार चांगले झाले. हल्ली जीर्णोद्धारात आधी तैलरंग येतो, मग फरशी, मग सिमेंट. दात्यांचा हेतू शुद्धच असतो. पण त्या तुळईवर कोणी रंगाचे दोन हात दिले असते किंवा तो दगड उलटा करून पायरीला लावला असता, तर छित्तराजाचे नाव त्या देवळातून कायमचे गेले असते आणि आपण आजही पांडवांवरच थांबलो असतो.

शिलाहारांच्या काळातील आणखी एक खूण कोकणात शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात सापडते, ती गद्धेगळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला शाप म्हणून गाढवाचे अभद्र चित्र. चित्र पाहून लोक लाजेने दगड पालथा घालतात, किंवा शेंदूर फासून पूजेला लावतात. पाया खणताना असा दगड निघाला तर तो भरावात टाकू नये. पाण्याने अलगद धुवावा, जागेवरच फोटो काढावा आणि तहसील कचेरीस किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. तोपर्यंत घणाचे काम थांबविले तरी चालेल.