बस तीच, वही वेगळी : बेस्टची कामगिरी मोजायची कशी?

समजा, तुम्ही दिंडोशी आगाराच्या बाहेर उभे आहात. बेस्टची खचाखच भरलेली बस समोरून जाते. आता सांगा, हा धंदा नीट चाललाय की तोट्यात? घाई करू नका. उत्तर आपण कुठलं माप हातात घेतो त्यावर ठरतं, आणि मापालाही इतिहास असतो.

१९०५ साली मुंबईत वीज आणि ट्राम चालवणारी खासगी कंपनी स्थापन झाली. १९२६ मध्ये तिने बस सुरू केली. खासगी कंपनीचं माप सरळ असतं : भागधारकांच्या हाती काय पडलं? पण ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा कारभार महापालिकेकडे आला. भागधारक गेले. मग कामगिरी कोणासाठी मोजायची?

पुढे बस उपनगरांत पसरली, पण बेस्टची वीज मात्र शहर भागापुरतीच, म्हणजे कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत राहिली. बसची तूट अनेक वर्षं विजेच्या पैशातून भरून निघायची. म्हणजे बघा, दिंडोशीतल्या प्रवाशाच्या तिकिटाचा थोडा भार कुलाब्याच्या वीजबिलावर होता! दोन्ही विभागांचा हिशेब एकत्र मांडला तर चित्र एक, वेगळा मांडला तर दुसरंच.

आता जुलै २०१९ घ्या. किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आलं. प्रवासी वाढले, पण एका प्रवाशामागचं उत्पन्न घटलं. निर्णय एकच. प्रवासीसंख्या मोजणारा त्याला यश म्हणेल, तिकिटाचं उत्पन्न मोजणारा मान डोलावणार नाही. मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं, तेव्हा हाच वाद उलट्या बाजूने मांडता येतो. त्यात भाडेतत्त्वावरच्या बसना पैसे मिळतात ते किलोमीटरमागे, म्हणजे तिथे प्रवासी हे मापच नाही.

म्हणून प्रबंधात ‘कामगिरी’ हा शब्द लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासा : भागाकारात खाली काय ठेवलंय, आणि वही कोणाची आहे. मग एक तिसरी गोष्टही बघा. बस आलीच नाही म्हणून थांब्यावरून रिक्षा करून गेलेला माणूस यांपैकी कुठल्याच आकड्यात नसतो. त्याला मोजायचं कसं? माझ्या मते, खरा संशोधनप्रश्न तोच आहे.