हजेरीपटाबाहेरची मुले

शाळा सुधारायची म्हणजे काय करायचे? आपल्या समाजात हा विषय निघाला की इमारत, संगणक, इंग्रजी माध्यम आणि दहावीचा निकाल इथपर्यंत चर्चा जाते आणि थांबते. ही सगळी चर्चा शाळेत असलेल्या मुलांची. जी शाळेतच नाहीत त्यांची मोजदाद कुणी करायची? राजर्षी शाहू महाराजांचा शिक्षणविषयक कारभार मी याच प्रश्नासाठी पुन्हा वाचला. मुस्लिम बोर्डिंगच्या आठवणीपलीकडे आपण तो फारसा वाचत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाची मुले शिकतात आणि रयतेची मुले अडाणी राहतात, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सांगितले होते. किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सरकारने मनावर घेतली नाही. 1894 साली शाहू महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली तेव्हा कोल्हापुरातही हीच स्थिती होती. शाळा होत्या, कॉलेजही होते. पण खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहणार कुठे आणि जेवणार कुठे?

त्याचे उत्तर म्हणून 1901 पासून बोर्डिंगे निघाली. काही मुसलमान मुलांना सुरुवातीला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगमध्येच ठेवले गेले. 1906 साली महाराजांनी मुसलमान पुढाऱ्यांना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करवली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. दसरा चौकात बोर्डिंगला जागा दिली. काही पीरस्थानांचे उत्पन्नही या कामाकडे वळवले. दर्ग्याचा पैसा पोरांच्या शिक्षणाला लावणे हे आजही आपल्याकडे किती ठिकाणी जमते, ते वाचकांनीच पाहावे! 1902 च्या राखीव जागांच्या हुकुमातही ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी अशा पुढारलेल्या जाती सोडून बाकी सर्वांना मागासलेले धरले होते. साहजिकच मुसलमान त्यात आले.

जातवार बोर्डिंगे आज मनाला खटकतात. मलाही खटकतात. पण एका पंगतीला बसणेच जिथे मुश्कील होते, तिथे उपाशी पोराला सर्वांची मने बदलेपर्यंत थांब असे सांगता येत नव्हते.

बोर्डिंगचा फायदा मात्र गावातली शाळा पार करून आलेल्या मुलालाच होत होता. ज्याने पाटी हातात धरली नाही, जो ढोरामागे किंवा बापाच्या धंद्यात होता, त्याला कोल्हापूरच्या बोर्डिंगचा काय उपयोग? नामदार गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक 1912 साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात पडले. शाहूंनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. गरिबाला तो भारीच होता; दंडाने शिक्षणाची गोडी लागते असे मला वाटत नाही. पण दंड करायचा तर कोणते मूल आले नाही हे आधी माहीत हवे. शाळेबाहेरच्या मुलाची नोंद ठेवणे हे त्यामुळे सरकारचे काम झाले. पहिल्या वर्षी या योजनेत 27 शाळा होत्या. 1922 पर्यंत त्या चारशेच्या पुढे गेल्या आणि मुलांची संख्या बावीस हजारांच्या घरात पोचली.

तरीही एक गोष्ट उरली होती. अस्पृश्यांची मुले शिकत होती, पण वेगळ्या शाळेत. 1919 साली महाराजांनी त्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांबरोबर सरकारी शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. आधी राहण्याची सोय, मग गावोगाव शाळा, मग एकाच वर्गात जागा. प्रत्येक वेळी अजून कोण बाहेर राहिले ते पाहून पुढचे पाऊल टाकलेले दिसते.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती. आकडा वाचला तेव्हा मला माझ्या वर्गातला एक खाटकाचा मुलगा आठवला. घरी आम्ही दोघे दखनी बोलायचो, वर्गात मराठी. त्याचे पाढे माझ्यापेक्षा पक्के होते. आठवडी बाजाराच्या दिवशी तो बापाच्या हाताखाली दुकानावर असे, त्यामुळे गुरुवारी कायम गैरहजर. पुढे बुधवारही बुडू लागला. गुरुजींनी एकदोनदा छड्या मारल्या, मग पटावरून नाव कमी केले. गुरुवारच का, हे त्याला कुणी विचारले नाही. मीही नाही. त्या वर्षी आमच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला आणि गावात पेढे वाटले.