न्यायमूर्ती राईट आणि ती एक सही

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तुम्हीही काही लिहा, असे मंडळींनी सांगितले. आम्ही काही मोठे लेखक नव्हे. साच्यावर उभे राहून आयुष्य गेलेली माणसे. रात्रपाळी करून जे वाचले तेवढीच आमची शाळा. त्या वाचनात एक माणूस भेटला आणि डोक्यातून जाईना. म्हणून त्याच्याविषयीच लिहितो.

त्यांचे नाव जोनाथन जास्पर राईट. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेले पहिले काळे न्यायमूर्ती. आता हे 'राज्याचे सर्वोच्च' काय प्रकरण, असे वाचक विचारतील. तिकडे प्रत्येक राज्याचे स्वतःचे वरचे कोर्ट असते. खालच्या कोर्टांची अपिले तिथे चालतात. आपल्याकडच्या हायकोर्टासारखे समजा.

राईट यांचा जन्म १८४० सालचा, पेनसिल्व्हानिया राज्यातला. हे उत्तरेकडचे राज्य, म्हणजे गुलामी नसलेले. पण गुलामी नाही म्हणजे समता आली असे कुणी समजू नये. त्यांच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी, १८३८ मध्ये, या राज्याने काळ्या माणसांचा मताचा हक्क काढून घेतला होता. राईट शिकले, शाळेत मास्तरकी केली, वकिलाच्या ऑफिसात बसून कायदा वाचला. वकिलीच्या परीक्षेला बसू द्या म्हणून अर्ज केला, तर परीक्षा घ्यायलाच नकार! नापास केले असते तरी एक वेळ चालले असते. पण पास होईल ही भीती असली की परीक्षाच घ्यायची नाही, ही युक्ती आपल्याला नवीन नाही.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपले. राईट दक्षिण कॅरोलिनातल्या ब्यूफोर्टला गेले, मुक्त झालेल्या लोकांना आणि काळ्या सैनिकांना शिकवायला. हा बेटांचा मुलूख लांब धाग्याच्या 'सी आयलंड' कापसाचा. हे वाचताना आम्ही थांबलो. कारण १८६१ ते १८६५ या लढाईत अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. गिरणगाव पुढे ज्या पैशावर वाढले त्यात त्या लढाईचाही वाटा आहे. तिथल्या गुलामाचा आणि इथल्या कामगाराचा धागा असा एकाच कापसाचा.

१८६६ चा नागरी हक्क कायदा झाल्यावर राईट परत घरी गेले आणि त्याच पेनसिल्व्हानियात सनद घेऊन दाखवली. त्या राज्याचे ते पहिले काळे वकील. मग पुन्हा ब्यूफोर्ट. मुक्त गुलामांच्या सरकारी खात्यात कायद्याचा सल्लागार म्हणून काम. मजुरीचे करार, अडवलेला पगार, मारहाण, असल्या तक्रारी. १८६८ मध्ये दक्षिण कॅरोलिनाची नवी घटना लिहायला जी परिषद बसली तिच्यात बहुसंख्य सभासद काळे होते. राईट त्यात होते, न्यायालयांविषयीच्या कलमांत त्यांचा हात होता. त्याच वर्षी ते राज्याच्या सिनेटवर गेले, आणि फेब्रुवारी १८७० मध्ये विधिमंडळाने त्यांना न्यायमूर्ती निवडले. वय तीस वर्षे पुरते झालेले नव्हते.

कोर्टात न्यायमूर्ती तीनच. दोघे गोरे, हे एकटे काळे. सात वर्षांत त्यांनी ऐंशीहून अधिक निकाल लिहिले. आणि गंमत पाहा, न्यायमूर्ती असूनही आगगाडीच्या पहिल्या वर्गातून त्यांना उतरवले गेलेच! त्यांनी रेल्वे कंपनीवर दावा लावून १८७१ मध्ये १,२०० डॉलर भरपाई वसूल केली.

ते अपिले ऐकत होते त्याच काळात, १८७३ मध्ये, इकडे महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तात्यासाहेबांना राईट यांचे नाव माहीत असेल असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या गोष्टीचा त्यांना हर्ष झाला, ती गोष्ट त्या घटकेला खुर्चीत बसलेली होती.

आता मुख्य प्रसंग. १८७६ ची निवडणूक. जुने गुलाममालक आणि त्यांचे लोक लाल सदरे घालून, बंदुका घेऊन गावोगाव फिरले. जुलैत हॅम्बर्ग गावी काळ्या सैनिकांना पकडून ठार मारले. निकालाचा घोळ असा झाला की दोन गव्हर्नर झाले. एक रिपब्लिकन चेंबरलेन, दुसरे जुन्या मालकांचे वेड हॅम्प्टन. विधानसभाही दोन. हॅम्प्टन यांनी टिल्डा नॉरिस नावाच्या कैद्याला माफी दिली. तुरुंगवाला सोडेना. अर्ज वरच्या कोर्टात आला. माफी खरी तर गव्हर्नर खरा. म्हणजे कैद्याच्या नावाने सगळ्या राज्याचा निकाल होता.

मुख्य न्यायमूर्ती मोझेस अंथरुणाला खिळलेले, पुढे मार्चमध्ये वारलेच. राहिले दोघे, विलार्ड आणि राईट. २७ फेब्रुवारी १८७७ रोजी दोघांनी कैदी सोडण्याच्या हुकमावर सही केली. आणि दोन दिवसांनी राईट यांनी कागद लिहून सही मागे घेतली, खरा गव्हर्नर चेंबरलेनच म्हणून. विलार्ड पहिल्या हुकमाला चिकटून राहिले, कैदी सुटला. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनने राजवाड्यावरचे सैन्य काढले, चेंबरलेन गेले.

राईट यांना तेव्हापासून कमकुवत, दारुडा म्हणून रंगवले गेले. सही करताना कुणाचा दाब होता, मागे घेताना कुणाचा, यावर लिहिणारे लिहोत. आम्हाला एक आठवते. आम्हालाही एकदा ऑफिसात बोलावून एका कागदावर सही घेतली होती. तीन माणसे समोर, पेन हातात दिलेले. 'कर रे, सगळ्यांनी केली.' केली. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी कागद परत मागायला गेलो तर कागद वर गेला होता. चाळीतले लोक महिनाभर आम्हाला 'विकला गेला' म्हणत होते. आमच्या पाठीशी निदान चाळ तरी होती, शिव्या द्यायला का होईना. राईट यांच्या पाठीशी बाहेर बंदुका होत्या, आणि शेजारच्या खुर्चीवर आपला म्हणावा असा एकही नव्हता. सही करणे ही चूक होती, असे आमचे मत. पण ती मागे घ्यायला जे धाडस लागले, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

नव्या विधिमंडळाने दारूबाजीचा आरोप ठेवला. राईट यांनी आरोप नाकारला, पण ऑगस्ट १८७७ मध्ये राजीनामा दिला, १ डिसेंबरपासून लागू. पुढे चार्ल्सटनला वकिली केली, काळ्या मुलांना कायदा शिकवला. फेब्रुवारी १८८५ मध्ये क्षयाने गेले. अवघे पंचेचाळीस वर्षांचे.

त्या कोर्टात पुन्हा काळा माणूस बसायला १९८५ साल उजाडले. मध्ये १८९५ च्या घटनेने काळ्यांचे मतच काढून घेतले होते, मग न्यायमूर्ती कुठून निवडणार? १९८५ मध्ये आले ते अर्नेस्ट फिनी. कायद्याची पदवी घेऊनही हे शाळेत शिकवत आणि हॉटेलात वेटरचे काम करीत. वकिलांच्या अधिवेशनात, जिथे काळ्याला सभासद म्हणून जागा नव्हती, तिथे त्यांनी पानावर वाढले आहे. १९९४ मध्ये ते तिथलेच मुख्य न्यायमूर्ती झाले.

१९६१ मध्ये रॉक हिल गावी गोऱ्यांच्या खानावळीत बसले म्हणून नऊ तरुणांना शिक्षा झाली होती. दंड भरायचे नाकारून त्यांनी तीस दिवसांची सक्तमजुरी पत्करली. त्यांचे वकील फिनीच होते. २८ जानेवारी २०१५ रोजी त्याच गावच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. त्र्याऐंशी वर्षांचे फिनी त्या दिवशी पुन्हा त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते.