पेंवापासून शीतगृहापर्यंत

पीक काढणें ही एक विद्या आणि काढलेलें पीक राखणें ही दुसरी. पहिलीचें कौतुक सर्वत्र होतें; दुसरीचा इतिहास लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. सातारा व सांगली या कृष्णाकांठच्या जिल्ह्यांत ही दुसरी विद्या मातीच्या पेंवापासून विजेच्या कॉम्प्रेसरपर्यंत कशी येऊन पोहोंचली, आणि तो कॉम्प्रेसर निवडतांना कोणता विवेक बाळगावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर हें गांव आहे. तेथील जमिनींत खोल पेंवें खणून त्यांत हळद भरून ठेवण्याची जुनी वहिवाट होती. तोंड बंद झालें म्हणजे आंत हवा खेळत नसे, कीड लागत नसे. हळद वर्षानुवर्षें टिके. पेंव उघडल्यावर कांहीं तास जाऊं दिल्यावांचून आंत उतरणें जिवावर बेतण्यासारखें असे. या साठवणीला ना इंधन लागे, ना यंत्र. परंतु २००५ सालच्या महापुराचें पाणी पेंवांत शिरलें, पुष्कळ हळद नासली आणि त्यानंतर व्यापाऱ्यांची पावलें गोदामांकडे व शीतगृहांकडे वळलीं. जमिनीच्या पोटांत जें काम निसर्ग फुकट करीत होता, त्यासाठीं आतां विजेचें बिल भरावें लागतें.

हें यंत्र करतें तरी काय? थंडी ही निर्माण करावयाची वस्तु नाहीं. उष्णता उपसून बाहेर टाकिली म्हणजे जें मागें उरतें त्यास आपण थंडी म्हणतों. ज्यांनीं मोट चालतांना पाहिली आहे त्यांना हें समजण्यास वेळ लागणार नाहीं. शीतगृह ही विहीर, आंतील उष्णता हें तिचें पाणी, आणि कॉम्प्रेसर ही मोट ओढणारी बैलजोडी. नळ्यांतून फिरणारें द्रव्य खोलींतील उष्णता घेऊन उकळतें व वायुरूप होतें. कॉम्प्रेसर तो वायु ओढून दाबतो. दाबलेला वायु तापतो, बाहेरच्या नळ्यांत आपली उष्णता टाकतो व पुन्हां द्रवरूप होऊन आंत परततो. विहीर जितकी खोल तितके बैलांचे कष्ट अधिक. तसेंच खोली जितकी अधिक थंड हवी आणि बाहेरचें ऊन जितकें कडक, तितका कॉम्प्रेसरवर ताण अधिक.

या यंत्राचा जन्म दूरदेशीं झाला. १८३३ सालीं अमेरिकेंतील तळ्यांवरचा बर्फ जहाजांत भरून कलकत्त्यास आला. पुढच्याच वर्षीं जेकब पर्किन्स यानें इंग्लंडांत वायु दाबून थंडी करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. ऑस्ट्रेलियांतील जेम्स हॅरिसन या वृत्तपत्रकारानें १८५६ त आपल्या यंत्राचें पेटंट मिळविलें, आणि १८७० नंतर जर्मनींत कार्ल फॉन लिंडे यानें अमोनियाचा कॉम्प्रेसर व्यवहारांत आणला. बर्फाची आठवण मात्र मापांत राहिली. थंडीचा ‘टन’ म्हणजे सुमारें ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळण्यास लागणारी उष्णता.

आपल्या भागानें ही विद्या परक्याकडून नुसती विकत घेतली नाहीं. औंध संस्थानच्या अधिपतींनीं दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. नांगरापासून आरंभ झालेला तो उद्योग पुढें पंपांकडे गेला. पाणी उपसणाऱ्या यंत्राकडून उष्णता उपसणाऱ्या यंत्राकडे जाणें हें त्याच वाटेवरचें पुढचें पाऊल होय. १९५८ त पुण्यास किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी निघाली व तिनें अमोनियाचे मोठे कॉम्प्रेसर केले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सातारा जिल्ह्यांत कराड येथें किर्लोस्कर कोपलँड या नांवानें बंदिस्त कॉम्प्रेसर तयार होऊं लागले.

आतां निवडीचा प्रश्न. ग्राहक पहिल्यानें विचारतो, यंत्र किती मोठें? विचारावयास हवें तें हें कीं, माल कोणता? भिलवडीस भास्कर गणेश चितळे यांनीं १९३९ सालीं दुधाचा धंदा मांडला, तेव्हांपासून हा भाग दुधासाठीं प्रसिद्ध आहे. ताजें दूध कांहीं तासांत चार अंशांपर्यंत उतरवावें लागतें, आणि तेंही दिवसांतून दोनदां. म्हणजे भार थोडा वेळ पण एकदम. तासगांवच्या बेदाण्याची गोष्ट निराळी. तो ऐन उन्हाळ्यांत शीतगृहांत भरतात. भरतांना भार जबर, पुढें कित्येक महिने हलका. अशा ठिकाणीं एकच अगडबंब यंत्र बसविल्यास तें वर्षाचा बहुतेक काळ अर्धपोटीं चालून वीज मात्र पोटभर खातें. त्यापेक्षां दोनतीन मध्यम यंत्रें बरीं: भरतीच्या दिवसांत सगळीं चालवावीं, एरव्हीं एकावर भागवावें, आणि एक बिघडलें तरी माल नासूं नये. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी गोठवावयाची तर विहीर फारच खोल. तेथें वायु दोन टप्प्यांत दाबणें श्रेयस्कर.

यंत्राच्या जातीही अशाच कामापरत्वें आहेत. दट्ट्याचा कॉम्प्रेसर जुना, पण खेड्यांतला मिस्त्रीही तो उघडून दुरुस्त करूं शकतो. मळसूत्री कॉम्प्रेसर स्वीडनमध्यें १९३० नंतर सिद्ध झाला. मोठ्या व अखंड भारास तो उत्तम. दोन सर्पिलांच्या कॉम्प्रेसरचें पेटंट १९०५ चें, परंतु तितकें सूक्ष्म कांतकाम साधेपर्यंत त्या कल्पनेला सुमारें ऐंशी वर्षें वाट पाहावी लागली. लहान व मध्यम कामास तो शोभतो. यांतील बंदिस्त यंत्रांत वायु गळण्याची भीति थोडी. मात्र बिघाड झाल्यास बहुधा तें सबंधच बदलावें लागतें.

वायूचाही विचार हवा. अमोनिया स्वस्त आहे व कामास चोख आहे, पण विषारी आहे; शिवाय तो तांब्यास खातो, म्हणून तांब्याच्या तारांची मोटर ज्याच्या पोटांत आहे अशा नेहमींच्या बंदिस्त यंत्रांत तो चालत नाहीं. १९३० च्या सुमारास आलेला फ्रिऑन निरुपद्रवी वाटला, परंतु तो आकाशांतील ओझोनचें कवच झिजवितो असें आढळून आल्यामुळें १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यास आळा घालण्यास आरंभ झाला.

शीतगृहांतील पोतीं एकाच्या मालकीचीं नसतात. अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या श्रमाचें मोल तेथें एका दाराआड असतें. वैशाखांत एक दिवस यंत्र थांबलें तर त्याचा घाम किती घरांस फुटेल, याचा हिशेब कोणत्याही किंमतपत्रकांत नसतो. हरिपूरच्या लोकांनीं पेंवें खणलीं तीं जमिनीचा व मालाचा गुण ओळखून. यंत्र नवें असो वा जुनें, तें घेणाऱ्यानें तितकी ओळख आधीं करून घ्यावी. मग विक्रेत्याकडे जावें.