पितळी वाद्यांची निगा

पुण्याच्या सिटी चर्चसाठीं सवाई माधवराव पेशव्यांनीं १७९२ सालीं जागा दिली. पेशवाईंतच कोंकणांतील तांबटही कसबा पेठेंत वसले. त्यांचा मठारलेला हंडा आपल्या मुळशीकर गृहिणींस परिचित आहे. ठोक्यांनीं त्याचा पत्रा कठीण होतो. सणाच्या मिरवणुकींतील पितळी कर्ण्याची गोष्ट मात्र निराळी. पोचा आल्यास नळीचा पोकळ मार्ग बदलून स्वर बिघडूं शकतो. म्हणून कारागीर आंतून पोलादी गोळा फिरवून तो वर काढितो. ओरखड्यानें स्वर बिघडत नाहीं. तो घासून घालवितांना मात्र पितळ झिजतें, व झिजलेलें पुन्हा येत नाहीं. यास्तव, धर्मबंधूंनो, वाडवडिलांनीं राखलेल्या वाद्यांचे पोचे काढवून घ्यावे, ओरखडे राहूं द्यावे. चकाकीपेक्षां त्यांचा स्वर पुढील पिढीस मिळणें अगत्याचें आहे.