न बुडालेल्या कर्जाची गोष्ट

जॉन गॉल्सवर्दीच्या 'फोर्साइट सागा' या कादंबरीमालेत टिमथी नावाचा एक म्हातारा आहे. प्रकाशनाचा चालता धंदा विकून त्याने सगळी रक्कम तीन टक्क्यांच्या 'कॉन्सोल्स'मध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांत, घातलेली असते. बाकीच्या फोर्साइट मंडळींना त्याच्या या भित्रेपणाची गंमत वाटते, कारण त्यांच्यापैकी कुणालाही चार टक्क्यांहून कमी व्याज चालत नाही. मालेतली तिसरी कादंबरी 'टू लेट' १९२० साली घडते. टिमथी आता शंभरीकडे झुकला आहे आणि महायुद्ध झाल्याची वार्ताही घरातल्यांनी त्याच्यापर्यंत पोचू दिलेली नाही. तरीही त्याच्या विझत चाललेल्या मनात कॉन्सोल्सच्या भावाची चिंता जागी आहे. भाव चढणार, असे त्याचे भाकीत आहे.

वाङ्मयाचा विद्यार्थी हा प्रसंग वाचून हसतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तेच केले. पुढे केव्हातरी त्या रोख्यांचा खरा इतिहास वाचनात आला आणि त्या विनोदाची धार लक्षात आली. १८९७च्या सुमारास शंभर पौंडांच्या ज्या कॉन्सोलला बाजारात ११० पौंडांहून अधिक मिळत होते, त्याला १९२० साली पन्नासही मिळत नव्हते. सरकारने मात्र एकदाही व्याज चुकवले नव्हते. कर्ज बुडाले नाही आणि धनको मात्र बुडाला, हे कसे झाले? सरकारी रोख्यांचा परतावा कशाने हलतो, या वरवर रुक्ष प्रश्नाचे उत्तर या एका रोख्याच्या चरित्रात जवळजवळ पूर्ण सापडते.

आधी थोडे गणित. कॉन्सोलचे वैशिष्ट्य असे की त्याला मुदतच नव्हती. मुद्दल अमुक तारखेला परत करू, असे सरकारने म्हटलेले नव्हते. दर्शनी शंभर पौंडांवर वर्षाला तीन पौंड देत राहू, एवढेच वचन होते. पैसे मोकळे करायचे असतील तर रोखा बाजारात दुसऱ्याला विकायचा. व्याजाचे तीन पौंड ठरलेले, बदलतो तो फक्त भाव. शंभरचा रोखा पन्नासला मिळाला तर घेणाऱ्याला परतावा सहा टक्के पडतो. तोच शंभरला घेतला तर तीन टक्के. तागडीचे एक पारडे वर गेले की दुसरे खाली येते, तसे भाव आणि परतावा यांचे नाते आहे. म्हणून 'परतावा वाढला' हे ऐकायला शुभ वाटले तरी ज्याच्या पेटीत जुना रोखा आहे त्याच्यासाठी ती वाईट बातमी असते.

या रोख्याचा जन्म एका अविश्वासाच्या पोटी झाला. १६७२ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने आपल्या खजिन्यातून सावकारांना द्यायचे पैसे थांबवले आणि लंडनच्या अनेक सराफांचे दिवाळे वाजले. राजाला कोर्टात कोण खेचणार? १६८८च्या राज्यक्रांतीनंतर कर्ज राजाचे न राहता पार्लमेंटचे झाले, आणि कोणत्या कराच्या उत्पन्नातून व्याज द्यायचे हे कायद्याने ठरू लागले. तरीही विश्वास एका दिवसात येत नाही. १६९४ साली नव्या बँक ऑफ इंग्लंडने सरकारला बारा लाख पौंड दिले ते आठ टक्क्यांनी. पुढे अर्धशतक व्याज नेमाने चुकते होत गेले, तसा हा दर उतरत गेला, आणि १७५१च्या कायद्याने निरनिराळ्या जुन्या कर्जांचे एकत्रीकरण तीन टक्क्यांवर झाले. 'कॉन्सोल' हे नाव त्या एकत्रीकरणावरूनच पडले. याच काळात फ्रान्स इंग्लंडहून मोठा आणि लोकसंख्येने कितीतरी पुढे होता. पण तिथल्या राजसत्तेने १७७० साली देणी अंशतः बुडवली, आणि क्रांतीनंतरच्या सरकारने १७९७ साली दोन तृतीयांश कर्जावर पाणी सोडले. साहजिकच फ्रान्सला कर्ज महाग पडत असे. परतावा ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे शब्दाची पत; देशाच्या संपत्तीचा क्रमांक तिच्यानंतर लागतो.

मात्र पत शाबूत असतानाही भाव कोसळू शकतो. १७९२ साली कॉन्सोल ९७च्या आसपास होता. फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, सरकार वर्षामागून वर्ष नवे रोखे बाजारात ओतू लागले आणि १७९७ साली बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. भाव ४७च्या आसपास आला. म्हणजे परतावा तीन टक्क्यांवरून सहाच्या पुढे गेला. इथे दोन कारणे एकत्र काम करत होती. एक, विकायला आलेल्या रोख्यांचा पूर. आणि दुसरे, ज्या पौंडात व्याज मिळणार त्या पौंडाचीच खात्री उरली नव्हती. पुढच्या दोन शतकांत हीच दोन कारणे पुन्हा पुन्हा भेटतात.

त्या काळच्या कादंबऱ्यांत हे चढउतार घराघरात शिरलेले दिसतात. जेन ऑस्टिनचा मिस्टर कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालताना तिच्या वाट्याला येणाऱ्या चार टक्क्यांच्या हजार पौंडांचा उल्लेख करायला विसरत नाही. थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'मधला म्हातारा सेडली तर रोख्यांच्या घसरणीनेच धुळीला मिळतो, कारण १८१५ साली नेपोलियन एल्बा बेटावरून निसटतो आणि सेडलीने सट्टा शांततेवर लावलेला असतो. युद्धाची बातमी रणांगणावरून दिवाणखान्यात पोचण्याचा सर्वांत जवळचा रस्ता रोखेबाजारातून जात असे.

वॉटर्लूनंतर ब्रिटनवरचे कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट होते. ते बुडवले गेले नाही. शतकभर मोठे युद्धकर्ज काढावे लागले नाही, राष्ट्राचे उत्पन्न वाढत गेले, पौंड पुन्हा सोन्याला बांधला गेला, आणि कॉन्सोल चढत चढत १८५२च्या सुमारास शंभरीला पोचला. सुरक्षित पैशाला आता तीनच टक्के मिळत. मग थोडे अधिक मिळवायला तो पैसा कुठे जाणार?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग बोरीबंदरला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी १८४९ साली झालेल्या कराराने तिच्या भांडवलावर पाच टक्क्यांची हमी दिली गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीचे वर्णन आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. तिच्या डब्यांमागे तीन आणि पाच यांमधला फरकही जोडलेला होता, हे सहसा सांगितले जात नाही. हमी सरकारची असल्यामुळे लंडनच्या भागधारकाचा धोका कॉन्सोलसारखाच कमी, आणि प्राप्ती मात्र दोन टक्क्यांनी जास्त. कंपनीची कमाई कमी पडली तर तूट भरून निघे ती हिंदुस्थानच्या महसुलातून, ज्याचा मोठा हिस्सा शेतसाऱ्याचा होता. दादाभाई नौरोजींनी पुढे ज्या संपत्ति-अपहरणाचा हिशेब मांडला, त्यात विलायतेला जाणारे हे व्याजही होते.

शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत भाव आणखी चढले. १८७३ ते १८९६ या काळात जगभर वस्तू स्वस्त होत गेल्या. सरकारची शिल्लक जुने कर्ज फेडण्यात जाई, त्यामुळे बाजारात कॉन्सोल दुर्मीळ झाले. १८८८ साली अर्थमंत्री गोशेन यांनी व्याज तीनवरून पावणेतीन केले आणि १९०३पासून ते अडीच होईल असे ठरवले. तरीही लोकांनी रोखे सोडले नाहीत. त्यामागे आणखी एक कारण होते. विधवा, अज्ञान मुले, धर्मादाय संस्था यांचे पैसे विश्वस्तांनी मुख्यतः सरकारी रोख्यांतच ठेवावेत, असा इंग्लंडात न्यायालयांचा जुना दंडक होता. आपल्याकडे १८८२च्या इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्टनेही हिंदुस्थान सरकारच्या प्रॉमिसरी नोटा व ब्रिटनचे सरकारी रोखे ही विश्वस्तांसाठी मान्य गुंतवणूक ठरवली. ज्यांना जोखीम परवडत नाही त्यांना कायद्याने दाखवलेली ही वाट. १८९७च्या सुमारास तिथे अगदी गर्दी होती. परतावा सव्वादोन-अडीच टक्क्यांवर आला होता आणि याहून सुरक्षित काही असू शकते असे कुणाला वाटत नव्हते.

उतार तिथूनच लागला. बोअर युद्धाने नवे कर्ज आणले. १९००च्या कायद्याने वसाहतींचे रोखेही विश्वस्तांना मोकळे झाले आणि कॉन्सोलचा मक्ता संपला. वस्तूंचे भाव वाढू लागले. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर कॉन्सोल पंचाहत्तरच्या आसपास होता, म्हणजे एकही तोफ डागली जाण्यापूर्वी शिखरावरचा तिसरा हिस्सा गेलेला होता.

नोव्हेंबर १९१४मध्ये सरकारने साडेतीन टक्क्यांचे ३५ कोटी पौंडांचे युद्धकर्ज काढले. लोकांनी ते उचलून धरले, मागणी पुरवठ्याहून जास्त झाली, असे वर्तमानपत्रांनी छापले. वस्तुस्थिती अशी होती की जनतेकडून एक तृतीयांशही रक्कम आली नाही. उरलेले रोखे बँक ऑफ इंग्लंडने स्वतःच्या मुख्य रोखपालाच्या व त्याच्या दुय्यमाच्या नावावर गुपचूप घेतले आणि ताळेबंदात ते दुसऱ्या सदरात लपवले. केन्सला हे ठाऊक होते. गोपनीय टिपणात त्याने या हातचलाखीची तारीफही केली. बँकेच्याच संशोधकांनी हे २०१७ साली उघड केले. बाजाराने मागितलेला खरा परतावा दिसू नये म्हणून बाजारच झाकला गेला, असा याचा अर्थ. १९१७ साली मात्र पाच टक्के द्यावे लागले आणि पैसा लोटला.

ते दोन अब्ज पौंडांहून मोठे युद्धकर्ज १९३२ साली नेव्हिल चेंबरलेन यांनी साडेतीन टक्क्यांवर आणले. मुद्दल परत घ्या किंवा कमी व्याज मान्य करा, असा पर्याय होता आणि त्याला देशभक्तीच्या आवाहनाची जोड होती. नव्वद टक्क्यांहून अधिक रकमेच्या धारकांनी कमी व्याज मान्य केले. ब्रिटनने आदल्या वर्षीच सुवर्णचलन सोडले होते. मंदीच्या त्या दिवसांत साडेतीन टक्के वाईट नव्हते. पण नव्या रोख्यालाही मुदत नव्हती, आणि ज्या पौंडात व्याज मिळायचे त्याला आता सोन्याचा खुंटा नव्हता.

१९४६-४७ साली ह्यू डाल्टन या मजूर पक्षाच्या अर्थमंत्र्याने अडीच टक्क्यांचे बिनमुदतीचे रोखे शंभरच्या भावाने विकले. स्वस्त पैशाचे युग कायम राहील, अशी त्यामागची श्रद्धा होती. नंतर महागाई दरसाल थोडी थोडी साचत गेली आणि १९७३च्या तेलसंकटानंतर उसळली. धनकोंना कळून चुकले की व्याज मिळेल, पण त्याने फारसे काही विकत घेता येणार नाही. १९७४च्या अखेरीस कॉन्सोलचा परतावा सतरा टक्क्यांच्या आसपास गेला. अडीच पौंड व्याजाला सतरा टक्क्यांचा हिशेब लावला तर शंभरच्या रोख्याचा भाव पंधराच्या घरात येतो. त्यात डाल्टनच्या काळापासून वस्तूंचे भाव तिपटीहून अधिक झालेले. तेव्हा १९४७ साली ठेवलेल्या शंभरातले जुन्या मोलाचे पाच पौंडही उरले नव्हते. हे सट्टेबाजाचे पैसे नव्हते. सट्टेबाज केव्हाच बाहेर पडला होता. राहिले होते ते देशभक्त, वृद्ध आणि विश्वस्तांच्या हवाली असलेले.

पुढचा प्रवास उलट दिशेचा. १९८१ साली ब्रिटिश सरकारने महागाईशी जोडलेले रोखे काढले. चलनाच्या घसरणीविषयीचा अविश्वास रास्त होता याची ती एक प्रकारे कबुलीच. १९९७ साली व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडकडे गेला. महागाई आटोक्यात राहते आहे असे दिसले तसा परतावा उतरत गेला. २००९पासून तर बँकच उघडपणे, नव्याने निर्माण केलेल्या पैशाने, सरकारी रोखे विकत घेऊ लागली. १९१४ साली जे लपवावे लागले ते आता जाहीर धोरण झाले. परतावा इतका खाली आला की जुनी बिनमुदतीची कर्जे फेडून टाकणेच सरकारला परवडू लागले. ९ मार्च २०१५ रोजी युद्धकर्ज आणि त्याच वर्षी ५ जुलैला शेवटचे कॉन्सोल फेडले गेले. १७५१चे वचन दोनशे चौसष्ट वर्षांनी मिटले. त्या धड्याची उजळणी मात्र लवकरच झाली. सप्टेंबर २०२२मध्ये नव्या सरकारने पैशाची सोय न सांगता करकपात जाहीर केली आणि तीस वर्षांच्या रोख्यांचा परतावा काही दिवसांतच पाच टक्क्यांपलीकडे गेला. बँकेला पुन्हा बाजारात उतरावे लागले.

हे सगळे समोर ठेवले की परताव्याच्या त्या लहानशा आकड्यात किती प्रश्न एकवटलेले असतात ते दिसते. सरकार शब्द पाळेल का? आणखी किती कर्ज काढेल? तो पैसा ठेवायला दुसरी चांगली जागा आहे का? आणि ज्या चलनात परतफेड व्हायची त्याची किंमत तोवर काय राहील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनने अडीचशे वर्षे चोख दिले आणि त्या चोखपणामुळेच शेवटचा प्रश्न विचारण्याची सवय सामान्य धनकोला राहिली नाही.

टिमथीला युद्धाची वार्ता सांगितली नव्हती, हे गॉल्सवर्दीने विनोदाच्या ओघात लिहिले असेल. पण त्याच्यासारख्या हजारो धनकोंना युद्ध झाल्याचे पुरते माहीत होते. त्याचा खर्च आपल्याच रोख्याच्या भावातून वसूल होतो आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगितले नाही. व्याजाचा हप्ता ठरल्या तारखेला येत राहिला आणि कुठे तक्रार करावी असे काही घडलेच नाही.