दिनविशेष : ४ मे १८८६ – लंडनचे प्रदर्शन आणि कोल्हापूरचा राजवाडा

राणी व्हिक्टोरियाने लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे वसाहती आणि भारतीय प्रदर्शनाचे उद्घाटन केले. सुमारे ५५ लाख लोकांनी ते पाहिले. तेथील दरबार हॉलची कल्पना कॅस्पर पर्डन क्लार्क यांची, पण लाकडावरचे कोरीवकाम पंजाबातील भेरा गावच्या दोन कारागिरांचे. जयाजीराव शिंदे यांनी भेट दिलेला, मेजर कीथ यांच्या देखरेखीखाली घडलेला ग्वाल्हेरचा दगडी दरवाजाही तेथे उभा होता.

भारतीय घडणीची लंडनमध्ये अशी वाहवा होण्याआधीच कोल्हापूरने ती आपल्या दगडात उतरवली होती. मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. काळ्या दगडाची भक्कम बांधणी, मधोमध घड्याळाचा मनोरा, छत्र्या, कमानी, गुजरात-राजस्थानातील नक्षी आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्र. पाश्चात्त्य आराखडा व देशी अलंकरण यांचा मेळ घालणाऱ्या इंडो-सारासेनिक शैलीचे हे अव्वल उदाहरण. टाउन हॉलही मँट यांचाच. फ्लॉरेन्समध्ये १८७० साली निधन पावलेल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची तिथली छत्रीही त्यांचीच. राजवाडा पुरा झालेला मात्र त्यांना पाहता आला नाही. १८८१ मध्येच ते वारले.

प्रदर्शनातला दरबार हॉल आज इंग्लंडमधील हेस्टिंग्ज शहराच्या संग्रहालयात आहे. आपला दरबार हॉल मूळ जागीच, मूळ वास्तूत आहे. कोल्हापूरकरांनी तो मुलाबाळांना घेऊन, सवडीने पाहावा.